नाशिकच्या जुन्या गढीपर्यंतची प्रागैतिहासिक फेरी: आखणी, थांब्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वारसा फेऱ्या घेणारी मंडळी किल्ला, वाडा, देऊळ यांची सवय घेऊन प्रागैतिहासिक फेरीत उतरतात आणि तिथेच गाडं अडतं. वाड्यासमोर उभं राहिलं की बोट दाखवायला दिंडी दरवाजा असतो, कोरलेला खांब असतो. नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीसमोर उभं राहिलं तर दिसतं मातीचं टेकाड, त्यावरची घरं आणि दोरीवर वाळणारे कपडे. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती त्या टेकाडाच्या तळाशी आहे, म्हणजे कुणालाच दिसणार नाही. मग निवेदक वेळ मारून नेण्यासाठी वाटेतल्या देवळांकडे वळतो आणि प्रागैतिहासिक म्हणून जाहीर केलेली फेरी पेशवाईत जाऊन संपते.

यावर उपाय आहे तो क्रम बदलण्याचा. आधी लोकांच्या हातात दगड आणि खापर द्यायचं, थर कसे साचतात ते डोळ्यांसमोर करून दाखवायचं आणि गढी सर्वांत शेवटी ठेवायची. खाली नाशिकचा मार्ग धरून पायऱ्या दिल्या आहेत. प्रवरेकाठचं नेवासे किंवा तापीकाठचं प्रकाशे, जिथे पांढरीची टेकडी (जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड) आणि आजची वस्ती शेजारी नांदतात, तिथेही क्रम हाच ठेवावा. वस्तू आणि नावं तेवढी बदलावीत.

## १. काळाची चौकट आखून घ्या

सगळ्यात आधी फेरीत काय येणार नाही ते ठरवा. पांडवलेणी येणार नाहीत. त्या लेण्यांत शिलालेख आहेत, राजांची नावं आहेत. तो इतिहासकाळ झाला. काळाराम मंदिर अठराव्या शतकातलं. ‘एवढे लोक आलेच आहेत तर दाखवून टाकू’ म्हणून ही ठिकाणं घुसडली की काळाचा अंदाज, जो या फेरीत लोकांना द्यायचा असतो, तोच पुसला जातो.

फेरीत दोन गोष्टी येतात. पहिली अश्मयुग: शहराच्या वरच्या अंगाला गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत दगडी हत्यारं मिळालेली आहेत. दुसरी ताम्रपाषाणयुग, म्हणजे शेती करणारी, चाकावर मडकी घडवणारी, तांबं थोडं आणि दगडी पाती भरपूर वापरणारी गावं. जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथे सर्वांत खाली ताम्रपाषाणयुगीन खापरं आणि गारगोटीच्या जातीच्या दगडांची बारीक हत्यारं, त्यावर प्रारंभीच्या इतिहासकाळाचे थर आणि त्यावर मध्ययुगीन ते मराठा काळाचे थर असा क्रम मिळाला.

महाराष्ट्रापुरत्या सनावळ्या पाठ हव्यात, पण चारच: सावळदा संस्कृती साधारण इ.स.पू. २०००च्या सुमारास, माळवा संस्कृती इ.स.पू. १७०० ते १४००, जोर्वे संस्कृती इ.स.पू. १४०० ते १०००, आणि उत्तर जोर्वे इ.स.पू. ७००पर्यंत. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. संस्कृतीला नाव त्याचं. यापेक्षा जास्त सनावळ्या फेरीत सांगितल्या तर दुसऱ्या थांब्यापर्यंत एकही कुणाच्या लक्षात राहत नाही.

तपासा: फेरीच्या जाहिरातीत ‘प्राचीन’, ‘पुरातन’ असे मोघम शब्द असतील तर काढा. ‘ताम्रपाषाणयुग, सुमारे ३,००० ते ४,००० वर्षांपूर्वी’ असं लिहा. मोघम जाहिरातीवर येणारे लोक देवळं बघायलाच आलेले असतात.

## २. माहितीला तीन रंग द्या

या प्रकारच्या फेऱ्यांत सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी पकडली जाणारी चूक म्हणजे एका गावचा पुरावा दुसऱ्या गावावर चिकटवणं. इनामगावचं उत्खनन (शिरूर तालुका, घोड नदी, १९६८ ते १९८३) इतकं मोठं आणि तपशीलवार झालं की ताम्रपाषाणयुगाबद्दल आपण जे काही सांगतो त्यातलं बरंचसं तिथून येतं. चौकोनी घरं, नंतरच्या काळातल्या गोल झोपड्या, जव, पाण्याचा पाट, घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलं. हे सारं इनामगावचं. निवेदक मात्र गढीकडे हात करून ‘इथे ही माणसं गोल झोपड्यांत राहायची’ असं बोलून जातो.

म्हणून फेरीची संहिता लिहिताना प्रत्येक वाक्यासाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड करा आणि त्याला रंग द्या.

- हिरवं कार्ड: याच गढीत सापडलेलं. उदाहरणार्थ, थरांचा क्रम, तळाची खापरं, बारीक हत्यारं.
- पिवळं कार्ड: त्याच संस्कृतीचं, पण दुसऱ्या गावी सापडलेलं. बोलताना गावाचं नाव घेतलंच पाहिजे. ‘इनामगावात असं मिळालं.’
- लाल कार्ड: तर्क. ‘असावं’, ‘असं मानलं जातं’ याखेरीज क्रियापद वापरायचं नाही.

एकूण पंचवीस-तीस कार्डं पुरतात. लाल कार्डं पाचाच्या वर गेली तर संहिता परत लिहा. हिरवी कार्डं कमीच निघतील, सात-आठ. त्याला इलाज नाही आणि ते लपवायचंही कारण नाही. उलट फेरीत कार्ड हातात धरून त्याचा रंग लोकांना दाखवला तर तिसऱ्या थांब्यापासून लोक स्वतःच विचारू लागतात, ‘हे पिवळं की लाल?’ तेवढं झालं की अर्धं काम झालं.

इशारा: कुकडी नदीकाठच्या बोरीला ज्वालामुखीची राख आणि दगडी हत्यारं एकत्र मिळाली आहेत, पण त्या राखेच्या वयावर अभ्यासकांत वाद आहे. बोरीचा आकडा ठोकून सांगू नका. तो लाल कार्डावरही नको. ‘वाद आहे’ एवढंच पुरे.

## ३. पाहणी आणि परवानग्या

पाहणी किमान दोनदा करा: एकदा सावकाश, नोंदी घेत, आणि एकदा फेरीच्याच वारी, फेरीच्याच वेळेला. रविवारी सकाळी सातला मोकळा वाटणारा घाट बुधवारी बाजाराने भरलेला असतो. गंगाघाटाचा आठवडी बाजार बुधवारी, हे लक्षात ठेवून वार निवडा. सिंहस्थाच्या काळात आणि मोठ्या पर्वण्यांना घाटावर फेरी ठेवूच नये.

पाहणीत या गोष्टी वहीत उतरवा: प्रत्येक थांब्यावर वीस माणसं रस्ता न अडवता उभी राहतील का; सावली कुठल्या बाजूला आणि किती वाजेपर्यंत; वाहत्या रस्त्याचा आवाज किती; जवळचं स्वच्छतागृह सकाळी उघडं असतं का; आणि गढीचा संपूर्ण आकार एका नजरेत कुठून दिसतो. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. अगदी पायथ्याशी गेलं की टेकाडाचा आकार हरवतो, समोर फक्त भिंती आणि बोळ उरतात. समोरच्या काठावरून किंवा थोडं लांबून दिसणारी जागा शोधून ठेवा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नको, कारण गोदावरी घाटावर चढते आणि गढीच्या कडा पाण्याने सुटून ढासळतात.

परवानग्यांत कामं तीन. स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, मार्ग, माणसांची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर लेखी कळवा आणि पोच घ्या. मार्गावरची कोणती जागा केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे ते जागेवरच्या फलकावरून आणि खात्याच्या कार्यालयातून खात्री करून घ्या. असेल तर गटाने जाण्यासाठी आणि चित्रीकरणासाठी वेगळी विचारणा करा. तिसरं काम बहुतेक लोक करतच नाहीत: गढीवर आणि आसपास राहणाऱ्यांशी बोलणं. ती लोकांची घरं आहेत. आठवडाभर आधी जाऊन वस्तीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांना सांगा की किती लोक येणार, कुठे उभे राहणार, आणि घरांचे फोटो काढणार नाहीत. न सांगता वीस माणसं टेकाडाकडे बोट करून उभी राहिली की ‘घरं हलवायला आलेत’ असाच समज होतो, आणि तो व्हायला कारणही असतं.

इशारा: ड्रोन नको. वस्तीवरून ड्रोन उडवण्याला परवानगीच्या भानगडी आहेतच, शिवाय वर सांगितलेला समज पक्का होतो.

## ४. साहित्य जमवा

फेरीची सगळी मदार इथे आहे. पिशवीत पुढच्या वस्तू हव्यात.

कालदोरी. ३० मीटर सुतळी, एका फिरकीवर गुंडाळलेली. प्रमाण १ मीटर म्हणजे १०,००० वर्षं, अर्थात १ सेंटिमीटर म्हणजे १०० वर्षं. दोरीचं एक टोक ‘आज’. तिथून ३.५ सेंटिमीटरवर लाल दोरा बांधा: शिवराज्याभिषेक. २० सेंटिमीटरवर पिवळा दोरा: सातवाहन. ३० ते ३४ सेंटिमीटरच्या मध्ये काळा दोरा गुंडाळा: जोर्वे संस्कृती. ४० सेंटिमीटरवर पांढरा: सावळदा. साधारण १.२ मीटरवर हिरवा: जगात शेतीची सुरुवात. ३० मीटरवर दोरी संपते: आपल्या प्रजातीचा माणूस (होमो सेपियन्स), सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे याच प्रमाणात १५० मीटरवर. तेवढी दोरी आणायची गरज नाही. पाहणीत १५० मीटरवरचा एखादा खांब किंवा पायरी हेरून ठेवा आणि तिकडे बोट करा.

दोरे बांधताना पहिला अर्धा मीटर फूटपट्टीवर मोजून बांधा. इथे एक सेंटिमीटरची चूक म्हणजे शंभर वर्षं.

दगड. काळा खडक, म्हणजे आपला बेसाल्ट, एक मुठीएवढा तुकडा. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारे अकीक, चॅल्सेडनी, जास्पर यांचे तीन-चार गोटे. ओळख पक्की असलेलेच घ्या, बांधकामाच्या खडीतले. नदीपात्रातून किंवा टेकाडावरून गोळा करू नका, त्यात खरं हत्यार येण्याचा धोका असतो. सोबत एका जाणकाराकडून मुद्दाम करून घेतलेला एक गाभा आणि त्यावरून निघालेली पाच-सहा पाती. प्रत्येक पात्यावर न पुसणाऱ्या शाईने ‘प्रतिकृती’ आणि वर्ष लिहा.

मडकी. कुंभाराकडून दोन प्रकार करून घ्या: पोटाला धारदार कोन असलेला वाडगा आणि नळीसारख्या तोटीचं भांडं. जोर्वे भांड्यांची ओळख अशी: लाल-नारिंगी अंग, त्यावर काळ्या रंगात रेघा, त्रिकोण, जाळी अशी भौमितिक नक्षी, बारीक माती, आतपर्यंत नीट भाजलेली, आणि टिचकी मारली तर खणखणीत आवाज. भट्टी नीट लागली नाही तर प्रतिकृती बद्द वाजते आणि सगळा मुद्दाच निघून जातो. म्हणून घेताना प्रत्येक भांडं वाजवून घ्या. प्रत्येकी दोन नग घ्या. एक अख्खा ठेवा, दुसरा घरी फडक्यात गुंडाळून फोडा आणि कडेचे, पोटाचे, तोटीचे तुकडे वेगळे ठेवा.

खापरांची पिशवी. प्रतिकृतीची चार खापरं, आजच्या माठाचा तुकडा, मंगलोरी कौलाचा तुकडा, कुंडीचा तुकडा. वर्गवारीच्या खेळासाठी.

थरांची बरणी. दोन लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी, चार वेगळ्या रंगांच्या माती-वाळूच्या पुड्या, आणि लांब पेन्सिल.

याशिवाय १० पट भिंग दोन, ए-३ आकाराची लॅमिनेट केलेली पाच-सहा चित्रं, कंबरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक, प्रथमोपचार पेटी, ताडपत्री, आणि मोजपट्टी.

तपासा: पिशवीत खरं खापर किंवा खरं हत्यार एकही नको, कुणी भेट दिलेलं असलं तरी. खरी वस्तू हाताळायला दिली की लोकांना पुढचा प्रश्न सुचतो: ‘कुठून उचललीत?’ आणि मग टेकाडावर तेच सुरू होतं. खऱ्या वस्तू संग्रहालयात बघाव्यात. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात उत्खननांतल्या वस्तू आहेत. दोन-चार दिवस आधी वेळ विचारून निवेदकांनी तरी एकदा जाऊन यावंच. प्रतिकृती कुठे चुकली आहे ते खरं भांडं बघितल्याशिवाय कळत नाही.

## ५. गट आणि वेळ

गट १५ ते २० माणसांचा, त्याहून मोठा नाही. वीस माणसांत एक भांडं फिरायला चार-पाच मिनिटं लागतात, चाळिसांत दहा, आणि तेवढ्यात मागचे चहा शोधायला जातात. निवेदक पुढे, दुसरा एक जण कायम शेवटी. शेवटच्या माणसाकडे फोन, प्रथमोपचार पेटी आणि यादी.

सुरुवात सकाळी सातला. थांब्यांचा वेळ असा धरा: पाणी १५ मिनिटं, दोरी २०, दगड २०, मडकी २५, बरणी १५, गढी १५. बेरीज ११०. चालण्याचे ३० मिनिटं धरले तर २ तास २० मिनिटं होतात. गट एकट्या माणसाच्या निम्म्या वेगाने चालतो, पूल ओलांडायचा असेल तर त्याहून हळू. मार्ग सव्वा किलोमीटरच्या आत बसवा.

## ६. प्रत्यक्ष फेरी

थांबा १: पाणी. दुतोंड्या मारुतीजवळ, घाटावर. पूर किती आला हे नाशिककर या मारुतीवरून सांगतात: पाणी गुडघ्याला, छातीला, गळ्याला. त्याचाच उपयोग करा. विचारा: ‘तुम्हाला इथे झोपडी बांधायची आहे. धरण नाही, नळ नाही. पाण्यापासून किती लांब बांधाल, आणि किती उंच?’ उत्तरं येऊ द्या. पाणी जवळ हवं पण पुरात घर जायला नको, म्हणून उंच काठ. हे लोकांच्या तोंडून निघालं पाहिजे. आत्ता गढीचं नाव काढू नका.

थांबा २: कालदोरी. घाटाच्या सरळ भागावर, रहदारीपासून दूर. फिरकी एका सहभागी व्यक्तीच्या हातात द्या आणि तिला चालत जायला सांगा. बाकीचे ‘आज’च्या टोकाशी. दोरी ताणली गेली की सगळ्यांना टोकाजवळ वाकायला लावा आणि रंगीत दोरे दाखवा: महाराज, सातवाहन, जोर्वे, सावळदा, सगळं एका फुटाच्या पट्टीपेक्षा थोड्या जास्त लांबीत. उरलेल्या एकोणतीस मीटरहून जास्त दोरीवर शेतीचा एक हिरवा दोरा, बाकी कोरी. तिथे माणसं होती, दगड घडवत होती, पण त्यांचं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. एवढं बोलून थांबा. या थांब्यावर जास्त बोललात तर दोरीचं काम दोरी करत नाही.

नेहमीची चूक: निवेदक दोरी लांबच्या टोकाकडून उलगडतो, ‘सुरुवातीपासून’ सांगायच्या हौसेने. मग आजचं टोक येईपर्यंत लोकांचं लक्ष उडतं. आजपासून मागे जा.

थांबा ३: दगड. ताडपत्री पसरा. आधी काळा दगड फिरवा, मग अकीक-चॅल्सेडनीचा गोटा. नखाने, बोटाने फरक तपासायला सांगा: काळा दगड खरबरीत आणि जड, दुसरा गुळगुळीत, फुटला की काचेसारखा. मोठी कुऱ्हाड काळ्या दगडाची होऊ शकते. कातडं कापायचं पातं दुसऱ्याचं चांगलं. मग गाभा आणि पाती द्या आणि कोणतं पातं कुठून निघालं असेल ते जुळवायला लावा. भिंगाखाली पात्याच्या पोटावरचा फुगवटा दाखवा. आघात जिथे झाला तिथे तो येतो, आणि आपोआप फुटलेल्या दगडापासून घडवलेला दगड वेगळा काढताना जाणकार आधी तोच शोधतात. एकट्या फुगवट्यावर मात्र निकाल लावू नये. पुरात एकमेकांवर आपटलेल्या गोट्यांतही कधी कधी तो दिसतो.

तांब्याची हत्यारं आली म्हणून दगड सुटला, असं सांगू नका. तांबं दुर्मीळ होतं. जोर्व्याला तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या, पण रोजची कापाकापी दगडी पात्यांवरच चालायची.

इशारा: दगड फोडून दाखवण्याचं प्रात्यक्षिक घाटावर किंवा गढीजवळ मुळीच करू नका. डोळ्याला इजा होते हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर: आज निघालेले छिलके मातीत पडले की पुढच्या पाहणीत ते खऱ्या छिलक्यांत मिसळतात आणि वेगळे ओळखू येत नाहीत. प्रात्यक्षिक करायचंच असेल तर बंदिस्त जागेत, ताडपत्रीवर, डोळ्यांना चष्मा लावून. आणि शेवटचा कपचा उचलून पिशवीत भरेपर्यंत ताडपत्री गुंडाळू नये.

थांबा ४: मडकी. सावलीत. आधी खापरांची पिशवी उघडून सात तुकडे ओळीने मांडा आणि तीन-तीन जणांच्या टोळीला दोन मिनिटांत गट पाडायला सांगा: आजचं कोणतं, जुन्या घडणीचं कोणतं. बहुतेक टोळ्या कौलाच्या तुकड्यावर फसतात, कारण तोही लाल आणि टणक. मग बघायचा क्रम शिकवा. पहिलं, तुटलेली कड: आत काळा पट्टा आहे की भाजणी आरपार आहे? दुसरं, आतल्या बाजूच्या चाकाच्या समांतर रेघा. कौल साच्यातून येतं, त्याला त्या नसतात. तिसरं, वाक: तुकडा तळहातावर ठेवून मूळ भांडं केवढं असेल याचा अंदाज. रंग आणि नक्षी सर्वांत शेवटी. नवखा माणूस नक्षीवर जातो, म्हणून फसतो.

यानंतर अख्खा वाडगा आणि तोटीचं भांडं काढा. तोटीतून पाणी ओतून दाखवा. हे सगळं पिवळ्या कार्डाचं आहे हे तोंडाने सांगा.

इनामगावची दफनं सांगायची असतील तर इथेच: लहान मुलं दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेली, मोठ्यांना पुरताना पावलं तोडलेली. शब्दांत सांगा, सांगाड्याचं चित्र फिरवू नका. गटात मुलं असतात. का तोडलेली, हे लाल कार्ड.

थांबा ५: बरणी. गढीच्या अलीकडे. चार सहभागी, चार पुड्या. पहिली ओतली की त्यात प्रतिकृतीच्या खापराचा चिमुकला तुकडा टाका, ‘पहिलं गाव’. दुसऱ्या थरावर मणी, तिसऱ्यावर कौलाचा कपचा, चौथ्यावर बाटलीचं झाकण. आता विचारा, सर्वांत जुनं कोणतं? सगळे बरोबर सांगतात. मग पेन्सिल वरून थेट तळापर्यंत खुपसा, फिरवून काढा आणि झाकण त्या भोकात ढकला. झाकण आता खापराशेजारी. कुणीतरी घर बांधताना खड्डा खणला, उंदराने बीळ केलं, कचरा आत गेला. खोल सापडलं म्हणजे जुनं, हा समज इथे मोडतो आणि उत्खनन करणारे खड्ड्याच्या कडा इतक्या बारकाईने का आखतात तेही कळतं. पेन्सिल बरणीच्या कडेला लागूनच खुपसा; मधोमध खुपसली तर बाहेरून काही दिसत नाही.

थांबा ६: गढी. आता, आणि लांबून. दोन मिनिटं काही न बोलता बघू द्या. मग बरणी वर धरून टेकाडाशेजारी दाखवा: सर्वांत वरचा थर म्हणजे आजची घरं, तळाचं खापर म्हणजे ताम्रपाषाणयुग. पहिल्या थांब्यावरच्या प्रश्नाला दिलेली उत्तरं आठवून द्या: नदी इथे, पूर तिथपर्यंत, उंच काठ हा. हिरवी कार्डं सगळी इथे वापरा. जवळ जायचंच असेल तर उघड्या कडेपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. कडेखाली किंवा कडेवर कुणीही उभं राहायचं नाही, कोरड्या दिवसांतसुद्धा.

## ७. हमखास येणारे प्रश्न

‘रामायणाचा काळ यातला कोणता थर?’ पंचवटीच्या गावात हा प्रश्न येणारच. त्यावर हसू नका आणि वादही घालू नका. उत्तर एवढंच: ‘या थरांत मडकी, हत्यारं आणि मण्यांसारख्या वस्तू मिळतात. लेख नसल्यामुळे माणसांची नावं थर सांगत नाहीत.’ एवढं सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळा. दहा मिनिटं त्यावर गेली तर फेरी तिथेच बसते.

‘सोनं निघालं का?’ प्रवरेकाठच्या दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन गावाची आठवण द्या: १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला कांस्याचा बैलगाडीवजा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. असं क्वचितच घडतं, एरवी खापरंच.

‘हे उचललं तर चालेल?’ नाही. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, आणि जमिनीत दडलेल्या दहा रुपयांहून जास्त मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तीही १८७८च्या कायद्याने. संरक्षित जागेतून काहीही उचलणं तर वेगळाच गुन्हा. कायद्यापेक्षा पटणारं कारण मात्र बरणीत असतं: खापर जागेवरून हललं की त्याचा थर गेला, आणि थर गेला की ते कुंडीच्या तुकड्याइतकंच बोलतं.

## ८. फेरी संपल्यावर

तिथल्या तिथे प्रतिकृती मोजा. पाती सहा होती तर सहाच परत आली पाहिजेत. कमी आली तर पुन्हा थांबा ३ वर जाऊन शोधा, कारण मातीत हरवलेली प्रतिकृती उद्याच्या अभ्यासकाला फसवते. शाईने वर्ष का लिहायचं ते यासाठी.

कुणी काही उचलून आणून दिलंच तर रागावू नका, पण ‘परत टाकून या’ असंही म्हणू नका, कारण नेमकी जागा कुणालाच सापडत नाही. जिथून उचललं तिथे त्या माणसाला लगेच घेऊन जा, शेजारी मोजपट्टी ठेवून वस्तूचा आणि परिसराचा फोटो काढा, फोनवरचं स्थान नोंदवा, आणि ही नोंद वस्तूसकट पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात लेखी द्या. पोच घ्या. समाजमाध्यमांवर त्या फोटोसोबत स्थान टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे खणत्या लागतात.

मग संहितेची कार्डं काढा आणि ज्या प्रश्नाला फेरीत अडखळलात त्याचं नवं कार्ड करा, रंगासकट. तोटीचं भांडं फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवा. पिशवीत दगडांसोबत ठेवलं तर पुढच्या फेरीला आधी तोटीच तुटलेली मिळते.